चतुराबाईचा कांदा

माळवस्ती, ता. धारूर
१९ नोव्हेंबर २०२३

मोहिनी,

नावाच्या आधी काही लिहायला हात धजला न्हाई, म्हणून नुसतंच नाव. हे पत्र तुला आज मिळणार न्हाई. ट्रंकेत लुगड्यांच्या खाली ठेवणार हाय. दोन वरसांत तुझं नाक कापलं जाईल, मग सगळी पत्रं एकदम पाठवीन. कापणारी कोण हे तुला कळल्याबिगर मला चैन पडायचं न्हाई. फोनवर सांगावं तर तू मधेच ठेवून देतीस. पत्र माणूस शेवटपर्यंत वाचतंय, शिव्या असल्या तरी.

तुला सगळं ठाऊक हाय, तरी लिहिते, कारण तू सोयीनं विसरतीस. मायचा कांदा. लालबुंद, बारीक मानेचा, चैत्रात काढला की दिवाळीपर्यंत टिकणारा. मायनं चाळीस वरीस त्याचं बी स्वतः धरलं. चाळीतले कांदे निवडायची, वरचा शेंडा कापून आत एकच डोळा हाय का बघायची. दोन डोळ्यांचा निघाला की चुलीवर, कोरड्यासाला. एका डोळ्याचे कार्तिकात परत लावायची, माघात त्यांना पांढरे गोंडे यायचे, वैशाखात गोंडे चोळून काळं बी काढायची. लग्न झाल्यावरसुद्धा मी दर माघ-वैशाखाला वडवणीच्या गाडीत बसून माहेरी यायचे. बावीस वरीस आले. आमचे हे शेरडं वळून आल्यावर स्वतः भाकरी थापायचे, पण कधी नको म्हणले न्हाईत. आन तू कुठं होतीस? बीडच्या होस्टेलवर. सुट्टीत आलीस की नाकाला ओढणी. "अक्का, केसांना वास लागतो गं."

आता मायच्या तेराव्याचं. तू हक्कसोडीचा कागद पुढं केलास. मी म्हणलं, शेत घे तुला, मला फक्त बीचा डबा दे. शेजारच्या परमेश्वरदादासमोर म्हणलीस, "डबा तुझाच, अक्का." मी सही केली. पाव्हण्यांना फाट्यावर घालवून आले तर फळीवर डबा न्हाई, आन तुझी गाडी चौसाळ्याच्या वाटेला लागलेली. फोन केला तर म्हणतीस, "बी शेताचं असतं अक्का. शेताबरोबर आलं." एवढं बोलून ठेवलास. तो आवाज माझ्या कानातून अजून गेला न्हाई.

आन त्या डब्याचं केलंस काय? नवऱ्याच्या ओळखीच्या पुढाऱ्यांना पुड्या बांधून वाटलास. त्यांनी पावसाळ्यातच कांदा पिकवला, विकला, बी कुणी धरलं न्हाई. आता मायच्या चाळीतले निवडलेले कांदे लावून तू स्वतः बी धरणार, असं ऐकते. धर.

मी काय केलंय ते ऐक. तुझ्या बांधाला लागून परमेश्वरदादाचं दहा गुंठे हाय ना, ते मी बटईनं घेतलं. त्यात परवा कांदे लावले, मायचे न्हाईत, पावसाळी. जाड मानेचे, फुगीर, महिनाभर न टिकणारे. माघात तुझ्याकडं गोंडे फुलतील, माझ्याकडं पण फुलतील. माश्या ह्या गोंड्यावरून त्या गोंड्यावर जातील आन तुझ्या बीत माझं रगत मिसळंल. बाहेरून काही दिसायचं न्हाई. बी काळंच, रोप हिरवंच, कांदा लालच. पावसाळ्यात चाळीत पडला की मात्र सडंल.

माय दर दिवाळीला फराळाचं ताट घेऊन शिवारभर फिरायची, आठवतंय का? तुला वाटायचं, म्हातारीला मिरवायची हौस. अगं, ती बांधकऱ्यांना सांगायला जायची की औंदा तुमच्या रानात कांद्याचा गोंडा धरू नका. त्याच्या बदल्यात तेवढ्या घरांना रोप फुकट द्यायची. अर्ध्या कोसात दुसरा गोंडा तिनं कधी उभा राहू दिला न्हाई. औंदा दिवाळीला तुझ्या गाडीतून मिठाईचे डबे गेले ते बंगल्यांवर. बांधावर कुणाला करंजी दिलीस का? मग झालं तर.

मायनं मला खायला दिलेल्या कांद्यातले सव्वीस उरलेत. आजपर्यंत एक कोंब न्हाई. ते मी इथं आमच्या माळावर लावले, जिथं आसपास काळं कुत्रं कांदा लावत न्हाई. मायचं बी माझ्याकडं राहील. तुझ्याकडं चिखल राहील.

विजयमाला


माळवस्ती
११ फेब्रुवारी २०२४

मोहिनी,

आज तू मला बांधावर गाठलंस.

मी गोंड्यातलं गवत काढत होते. मागून गाडीचं दार वाजलं, फोटोवाला उतरला, मग तू. अबोली रंगाची साडी नेसून कांद्याच्या रानात! गोंडे छातीला लागत होते आन तू त्यात हात पसरून उभी, पिक्चरमधल्या हिरोइनसारखी. मला बघून दचकलीस. मला वाटलं, आता भांडशील. मी खुरपं घट्ट धरलं, भांडायला तयार होते मी, तोंडात शब्द जुळवून ठेवले होते.

तर म्हणतीस कशी, "अक्का, तू इथं? बरं झालं बाई. मला यातलं काही कळत नाही. जरा लक्ष ठेव ना माझ्याकडं पण."

अगं, लाज कुठं ठेवून आलीस?

परमेश्वरदादा मोटर चालू करायला आलता. तू गेल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं. "विजयाताई, मायनं मला ताट देऊन वीस वरीस ह्या रानात गोंडा धरू दिला न्हाई. आन तू तिची लेक असून कावून धरतीस?"

"तुला बटई मिळतीय ना? गप बस."

"मिळतीय. पण डोळे हाईत ना मला."

"मग मिटून घे."

त्यानं मिटले. लई बोलत न्हाई तो, आन डब्याच्या वेळेला साक्षीदार असून तोंड उघडलं न्हाई म्हणून त्याला स्वतःचीच लाज वाटती. त्या लाजेवर मी जमीन मिळवलीय.

पण खरं लिहायचं राहिलं. जाताना तू वळून विचारलंस. कुठल्या तरी मेळाव्यात शेतीखात्याचे साहेब काहीतरी बोललेले, तुला अर्धवट आठवत होतं. "अक्का, तुझ्या कांद्याचं माझ्या कांद्याला काही होणार नाही ना?"

अजून वेळ होती. निम्मे गोंडे उमलायचे होते. विळा घेऊन माझं दहा गुंठे सकाळच्याला आडवं केलं असतं तर तुझं बी वाचलं असतं. मी तुझ्या तोंडाकडं बघितलं. तू लहानपणी गणित विचारायचीस तशी विचारत होतीस.

मी म्हणलं, "काय व्हायचंय? कांदा तो कांदा."

तू हसलीस आन गाडीत बसलीस. घरी आल्यावर मला पोटभर जेवण गेलं. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढं कधी मी म्हणायला लागले की माझ्या मनात तसं नव्हतं, तर हा कागद माझ्या तोंडावर मार.

विजयमाला


माळवस्ती
२३ जून २०२४

मोहिनी,

पाकीट मिळालं. एसटीच्या कंडक्टरच्या हातानं पाठवलंस, वर चिठ्ठी, "अक्काला प्रेमाची भेट".

पाकिटावर तू. अबोली साडी, गोंड्यात हात पसरलेले. खाली लाल अक्षरात "मोहिनी लाल". मागच्या बाजूला छापलंय, "अनेक वर्षांच्या परिश्रमातून विकसित". कुणाचे गं परिश्रम? मायच्या पाठीला पोक आला तो कशानं? पाकीट वरून खालपर्यंत दहादा वाचलं. चतुराबाई हा शब्द कुठं न्हाई. छापखान्याचं नाव हाय, पण मायचं न्हाई.

तोपर्यंत मला मधून मधून वाटायचं की जरा जास्तच केलं मी. पाकीट बघितलं आन ते वाटणं संपलं. बरं केलं मी. परत करीन.

माहेरच्या गावात पंचवीस घरांनी तुझं बी घेतलं म्हणं. नवऱ्यानं मांडव घातला, हार-तुरे झाले, तू भाषण केलंस. सगळं बी वाटून टाकलंस, मागं एक चिमूट ठेवलं न्हाईस. मायनं असं जन्मात केलं नसतं. ती आधी घरचा डबा भरायची.

माझ्या सव्वीस कांद्यांचं पावशेराच्या वर बी निघालं. घागरीनं पाणी घालून वाढवलं त्यांना, कारण आमची विहीर माघ संपला की तळ दाखवती. गोंडे चोळताना हात काळे झाले आन मायचा वास आला. रडले मी, सांगायला काय जातंय. आमचे हे, बजरंग, म्हणले, "पेरून टाक औंदाच." मी न्हाई म्हणलं. काचेच्या बाटलीत राख घालून, बुचाला मेण लावून फळीवर ठेवलं. तुझं नाक कापलं जाईल त्याच साली पेरायचं, त्याच्या आधी न्हाई. तुझा कांदा सडलेला असंल आन माझा उगवंल, असं मला बघायचंय.

विजयमाला


माळवस्ती
८ डिसेंबर २०२४

मोहिनी,

माहेरी लावणी चाललीय. मी साखराबाईच्या सावडीला, रोप लावू लागायला गेलते. साखराबाई म्हणजे मायची मैत्रीण, तुला आठवत नसंल, तिनं तुला आंघोळी घातल्यात.

पंचवीस घरांत तुझं रोप. काय रोप आलंय! सुतळीएवढं जाड, हिरवंगार, एकसारखं. कुणाची छाती हाय वळखायची? मी स्वतः मूठ हातात घेऊन, मुळं हुंगून बघितली. मला काही कळलं न्हाई, तर दुसऱ्याला काय कळणार.

ओल्या वाफ्यात ओळीनं वाकून बसलो. अंगठ्यानं रोप दाबायचं आन पुढं सरकायचं. साखराबाई माझ्या शेजारी. गुडघे गेलेत तिचे, तरी सरकती. मी विचारलं, "मावशे, सगळ्या रानात एकच कांदा कावून लावतीस? थोडा दुसरा लाव की."

"का गं? चतुराचं बी हाय ना हे."

"पाकिटावर तर मोहिनीचं नाव हाय."

"असू दे की. मला वाचता कुठं येतंय? मी चतुराच्या नावावर घेतलं."

तिथं माझा हात थांबला. बाजूच्या बाया पुढं गेल्या, माझी ओळ मागं राहिली. सांगावं का? सांगितलं तर साखराबाईचं रान वाचतंय. पण सांगितलं तर तू वाचतीस. एवढ्यात कुणीतरी ओरडलं, "विजे, झोपलीस काय?" मी सरकले पुढं. संध्याकाळपर्यंत साखराबाईच्या रानात तुझं रोप मी माझ्या अंगठ्यानं दाबलं. किती हजार असंल देव जाणे.

हे पाप तुझ्या खात्यात घालायचा मी लई प्रयत्न केला. अर्धंच गेलं.

विजयमाला


माळवस्ती
३ ऑगस्ट २०२५

मोहिनीबाई, प्रगतिशील मोहिनीबाई,

सडला!

चैत्रात काढला तवा लाल होता, सगळे खूश. मी आतल्या आत जळत होते की माश्यांनी दगा दिला का काय. आखाडात पहिला वास आला. आता परमेश्वरदादा फोनवर सांगतो, गावात शिरलं की नाकाला रुमाल. निम्मे कांदे मऊ पडलेत, बाकीच्यांना वीतभर कोंब. माना जाड, आत दोन-दोन, तीन-तीन डोळे. बाया चाळी उपसून पाट्यांनी उकिरड्यावर टाकतात. एका बाईनं पाकिटावरचा तुझा फोटो सडक्या कांद्यावर चिकटवून मारुतीच्या पारावर ठेवला म्हणं. मी हसले गं. शेरडं दचकली एवढ्या मोठ्यानं हसले.

बजरंग जेवता जेवता थांबले. म्हणले, "पंचवीस घरांचा कांदा गेला, त्यात हसण्यासारखं काय हाय?"

मी म्हणलं, "तुमाला न्हाई कळायचं."

"न्हाई कळत," म्हणले आन ताटावरून उठले.

उठू देत. दोन वरीस मी ह्या वासाची वाट बघितलीय. पोळा झाला की सगळी पत्रं पाठवते.

विजयमाला


माळवस्ती
२५ ऑगस्ट २०२५

मोहिनी,

तुझी जीभ झडावी.

पोळ्याला गावानं तुला बोलावलं. तू आलीस, नवऱ्याला बरोबर घेऊन. पारावर बाया बसलत्या. परमेश्वरदादानं मला शब्दाला शब्द सांगितलंय. त्यांनी विचारलं, हे कसलं बी दिलंस? आन तू हात जोडून म्हणलीस, "मी काय करू? बी माझ्या आईचं होतं. तिचंच बी नासकं निघालं. मी फक्त पाकिटात भरलं."

कांदा गाजत होता तवा "मोहिनी लाल". सडला तवा आईचा. मांडवात हार घालताना माय आठवली न्हाई, आन उकिरड्यावर बरोबर आठवली!

आता गावात काय चाललंय ठाऊक हाय? म्हणतात, चतुराबाईनं चाळीस वरीस लोकांना असलंच दिलं असंल, म्हातारी म्हणून कुणी बोललं न्हाई. पाटलाची सून म्हणली, दिवाळीचं ताट घेऊन फिरायची ते ह्याच्यासाठीच, तोंडं बंद करायला. माय! जिनं दोन डोळ्यांचा कांदा कधी रानात जाऊ दिला न्हाई ती माय!

हे तुझ्या तोंडातून निघालं, पण रान मी पेटवलं होतं. तुझं नाक कापायला गेले आन सुरी मायच्या नाकाला लागली. दोन दिवस मी पाण्याचा घोट घेतला न्हाई.

खरं सांगितलं तर माय सुटंल. पण मग तू पण सुटतीस. तुझी चूक न्हाई म्हणतील, बिचारी म्हणतील, सख्ख्या बहिणीनं घात केला म्हणतील. तू परत गाडीतून हात हलवत जाशील. हे मला बघवणार न्हाई गं. मरण परवडलं.

पत्रं पाठवत न्हाई. काय करावं ते कळत न्हाई.

विजयमाला


माळवस्ती
३ सप्टेंबर २०२५

मोहिनी,

सांगून टाकलं.

परवा साखराबाईकडं महालक्ष्म्यांचं हळदीकुंकू होतं. सगळं गाव, म्हणजे बायांचं गाव, तिच्या ओसरीवर. मखर, मुखवटे, पुरणाचा वास. मी न बोलावता गेले. कुणीतरी परत मायचं नाव काढलं, "नासकी चतुरा" म्हणलं, आन दोघी-तिघी हसल्या. मी उभी राहिले.

म्हणलं, "मायचं बी खरं होतं. मी बिघडवलं. बांधाला पावसाळी कांद्याचे गोंडे धरले, मुद्दाम. मोहिनीनं विचारलं होतं, मी खोटं सांगितलं. साखरामावशीच्या रानात मी स्वतः रोप लावलं, ठाऊक असून."

एक बाई "अगं माय गं" म्हणली. साखराबाई कुंकू लावत लावत माझ्यापर्यंत आलती. तिनं करंडा मागं घेतला आन माझ्या पुढच्या बाईला लावलं. मला मारलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

मी पायात चप्पल घालत होते तवा ती दारात आली. "विजे, खरं बी राहिलंय का कुठं?"

"बाटलीभर हाय. सव्वीस कांद्यांचं."

"मग दंड ऐक. पंचवीस घरांना रोप करून दे. तुझ्या हातानं. कुणाची मदत घ्यायची न्हाई, नवऱ्याची सुद्धा न्हाई. घरटी दोन मुठी दे, आमी त्याचा कांदा करू, त्या कांद्याचं बी धरू. रोप दिलंस तर परत ह्या उंबऱ्यावर ये."

रात्री बाटली हलवून बघितली. काळंभोर दिसतंय.

तुझे अकरा फोन येऊन गेले. उचलणार न्हाई.

विजयमाला


माळवस्ती
२६ ऑक्टोबर २०२५

मोहिनी,

कांद्याचं बी वरसाच्या वर ठेवू नये. शेंबडं पोर सांगंल. माय सांगायची, बी झोपलं की उठत न्हाई. मी चतुराबाईची लेक, बावीस वरीस तिच्या हाताखाली, आन सुडाच्या नादात दीड वरीस बाटली फळीवर ठेवली. तुझं नाक कापायची वाट बघत.

गादीवाफे केले, शेणखत चाळून टाकलं, औंदा पावसानं झोडपलं म्हणून कडेनं चर काढले. चौदा वाफे पेरले. वर गवत अंथरलं. आठव्या दिवशी उगवायला पाहिजे. आठव्या दिवशी काही न्हाई. नवव्या दिवशी मी पालथी पडून मातीला डोळा लावला. बजरंग लांब उभे होते, दंड ठाऊक असल्यामुळं जवळ येत नव्हते.

अकराव्या दिवशी दिसलं. वाकलेलं, सुईच्या भोकाएवढं हिरवं. चौदातल्या पाच वाफ्यांत बऱ्यापैकी, बाकी टक्कल. मी हात जोडले. पंचवीस घरांना दोन मुठी पुरतील, काटेकोर.

तुझी सय आली तवा. शिवी दिली आन पाणी घालायला लागले.

विजयमाला


माळवस्ती
९ डिसेंबर २०२५

मोहिनी,

हे पत्र खरंच पाठवतेय, आन खाली बाकीची पण बांधलीत. आधी ती वाच, तारखेनं. मग हे.

रविवारी मी रोप उपटून, शेंडे कापून, ओल्या गोणपाटात गुंडाळून साखराबाईच्या अंगणात नेलं. बाया रांगेनं आल्या. एकेकीच्या ओंजळीत दोन मुठी ठेवल्या. कुणी बोललं, कुणी न्हाई. पाटलाच्या सुनेनं मुठी मोजून घेतल्या. चोवीस झाल्या, पंचविसावी साखराबाई. तिनं रोप घेतलं, आत गेली आन करंडा घेऊन आली. कपाळाला कुंकू लागलं तवा माझा हुंदका कुणाला दिसू नये म्हणून मी खाली वाकले.

वर बघितलं तर रांगेत अजून एक बाई. तू. गाडी लांब फाट्यावर ठेवून चालत आलतीस, पायावर धूळ. ओंजळ पुढं केलीस.

मी म्हणलं, "कुणाचं रोप म्हणून घेतीस?"

तू आधी जमिनीकडं बघितलंस. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणलीस, "मायचं. बी अक्काचं होतं. मी तिला शब्द देऊन डबा उचलला."

अडीच वरीस मला हेच ऐकायचं होतं. पंचवीस बायांसमोर ऐकलं. आन तरी मी गोणपाट झटकलं आन म्हणलं, "संपलं." तुझी ओंजळ तशीच राहिली. साखराबाई "विजे" म्हणली, मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तू वळून चालत गेलीस. मला वाईट वाटलं असं तुला वाटत असंल तर चुकतीस. लई गार वाटलं. चांगलं दोन दिवस गार वाटलं.

आज सकाळी रोपाला पाणी घालायला गेले. कारण संपलं न्हाई. मागून उगवलेलं एक वाफा भरून रोप शिल्लक हाय. मी खोटं बोलले, दुसऱ्यांदा, तुझ्याच तोंडावर. पहिल्या खोट्यानं पंचवीस घरं बुडाली. हे दुसरं किती खाईल, मोजत बसले.

तुझ्यावरचा राग गेला न्हाई. जायचा पण न्हाई, एवढ्यात तरी. पण हिशेब असा हाय. दोन-दोन मुठींचं त्या बाया काय करतील सांगता येत न्हाई, कुणाची शेळी खाईल, कुणाचं पाणी चुकंल. माझ्या माळावर माघानंतर पाणी न्हाई, सव्वीस कांदे घागरीनं वाढतात, वाफाभर वाढत न्हाईत. मायचं रान आन मायची विहीर तुझ्याकडं हाय. मायचं बी माझ्याकडं हाय. दोन्ही वेगळी राहिली तर पोरी, माय दुसऱ्यांदा मेली असं समज.

रोपाला पंचावन्न दिवस झाले. आठवड्यात जमिनीत गेलं न्हाई तर बुडाशी गाठ धरंल आन मग कामाचं न्हाई. म्हणून सोमवारच्या आत ये. ह्या कांद्याचं बी धरायच्या साली तुमच्या रानात गोंडा नको, हे आत्ताच सांगायला परमेश्वरदादाकडं आन आसपासच्या बांधांवर ताट घेऊन जायचं, ते तू स्वतः जायचं, चालत, करंज्या स्वतः तळून. दिवाळी गेली म्हणून तोंड वाकडं करू नको, उशीर आपण केलाय.

नवऱ्याला आणू नको. मजूर आणू नको. फोटोवाला आणलास तर त्याच्या डोक्यात टिकाव घालीन. रोप तू उपटायचं, शेंडे तू कापायचे, आन मायच्या रानात पाणी सोडून, लुगडं गुडघ्यावर खोचून, चिखलात बसून एकेक काडी तुझ्या अंगठ्यानं दाबायची. केसांना वास लागंल. लागू दे. मी बांधावर बसून बघणार हाय. काही सांगणार न्हाई, हात लावणार न्हाई, आन तू चुकलीस की गावाला ऐकू जाईल असं हसणार हाय.

तेवढं झाल्यावर बोलायचं का न्हाई ते बघू.

अक्का